गळणाऱ्या बाहेरच्या पायऱ्या: भोक शोधण्यापासून पाणी मारण्यापर्यंत

आमचे लांज्याजवळचे घर उतारावर आहे. त्यामुळे पुढच्या बाजूला जोते जवळजवळ चार फूट वर आले आणि अंगणातून पडवीत चढायला आठ पायऱ्या बांधाव्या लागल्या. वर चार फूट लांब, चार फूट रुंद चौथरा. चौथऱ्याखाली जी पोकळी राहिली तिथे पाण्याचा पंप बसवला आणि उरलेल्या जागेत लाकूडफाटा, शेणी आणि नारळाची सोडणे भरून ठेवली. तिसऱ्याच पावसाळ्यात सोडणांना बुरशी आली आणि पंपाच्या पेटीवर थेंब पडू लागले.

पहिली दुरुस्ती मी स्वतः केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात नुसते सिमेंट पाण्यात कालवले आणि दिसली ती भोके अंगठ्याने दाबून बुजवली. गणपतीला घरी गेलो तेव्हा त्यातले निम्मे गोळे सुटून पायरीच्या कडेला पडले होते. पुढच्या वर्षी डांबर ओतले, ते मे महिन्यात वितळून पाहुण्यांच्या चपलांना लागले आणि पावसाळ्यात पुन्हा गळती सुरू. शेवटी गावातल्या एका जुन्या गवंड्याला बोलावले. त्याने खालचा थेंब पाहिला, वर आला आणि मला विचारले, "कुठल्या पायरीवर पाणी ओतल्यावर पडतं हे?" मला सांगता येईना, कारण मी ते कधी करूनच पाहिले नव्हते. त्याने तो दिवस फक्त पाणी ओतण्यात घालवला. पुढे पंधरा दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केले आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत खाली सोडणे कोरडी राहिली आहेत. ज्यांनी कधी हातात थापी धरलेली नाही त्यांनाही हे काम करता यावे म्हणून सगळे क्रमाने लिहितो आहे.

आधी पाणी कुठून शिरते ते पाहा

खाली थेंब जिथे पडतो त्याच्या नेमके वर भोक असेलच असे नाही. पाणी लादीखालच्या मालातून (सिमेंट-वाळूच्या मिश्रणातून), सळीच्या कडेने, स्लॅबच्या उतारावरून दोन-तीन फूट सरकते आणि मग जागा मिळेल तिथे टपकते. म्हणून वरून तपासावे लागते. पाणी शिरायच्या जागा बहुतेक घरांत त्याच त्या असतात.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे पायऱ्या आणि घराची भिंत यांच्यामधली फट. घर पायावर उभे असते. पायऱ्या मात्र बहुधा नंतर बांधतात आणि पुष्कळदा भरावावर. भराव दोन-चार पावसाळ्यांत बसतो, पायऱ्या केसभर खाली जातात आणि भिंतीपासून सुटतात. पडवीचे पाणी या फटीत सरळ उतरते. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त पाणी इथूनच जात होते आणि मी मात्र दोन वर्षे पायऱ्यांवरची भोके बुजवत बसलो होतो.

दुसरी जागा आतल्या कोपऱ्यात. पाऊल ठेवतो तो आडवा भाग, गवंडी त्याला ट्रेड म्हणतात, आणि उभा रायझर जिथे मिळतात तिथे पाणी साचते. पायरीला पुढे उतार नसेल, किंवा उलटा मागे असेल, तर पाऊस थांबल्यावरही तासभर तिथे चिंचोळे डबके राहते आणि बारीक भेगेतून झिरपत राहते. तिसरी जागा रेलिंगचे पाय. लोखंडी पाईप पायरीत रोवलेला असतो, त्याच्याभोवती गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे भोवतालचे सिमेंट फुटते आणि पाईपभोवती नाणेभर रुंदीचे भोक तयार होते.

लाद्यांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, रिकाम्या झालेल्या असणे, पायरीची कड तुटणे, केबल किंवा नळ नेताना पाडलेले भोक तसेच राहणे, भेगेत पिंपळाचे रोप रुजणे ही कारणेही पाहा. पिंपळ दिसला की लगेच मुळासकट काढा. वरून छाटल्याने तो आत जाड होत जातो. पायऱ्यांच्या बाजूला मोकळी माती असेल तर घुशीने बीळ केले आहे का तेही बघा. सगळ्यात खालच्या पायरीच्या बुडातून पावसात गढूळ पाणी येत असेल तर आतला भराव वाहून चालला आहे आणि पायऱ्यांखाली पोकळी होते आहे, असे समजा.

एकदा वरही पाहून घ्या. कौलांच्या किंवा पत्र्याच्या पागोळ्या थेट पायऱ्यांवर पडत असतील तर नुसत्या पावसापेक्षा कितीतरी जास्त पाणी, तेही उंचावरून, रोज एकाच रेषेत आपटते. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्या पागोळ्यांखाली कुठलेही सिमेंट फार काळ टिकणार नाही. त्यामुळे पन्हळ बसवून ते पाणी बाजूला काढणे हे काम यादीत पहिले धरा.

पाणी ओतून करायची परीक्षा

पायऱ्या तीन-चार दिवस पूर्ण कोरड्या हव्यात. खालच्या पोकळीत पंप, मीटर किंवा दिवा असेल तर मेन स्विच बंद करा. आतले सामान बाहेर काढा आणि बॅटरी घेऊन एकाला खाली बसवा.

सुरुवात सगळ्यात खालच्या पायरीपासून करायची. वरून सुरू केले तर पाणी सगळ्या पायऱ्यांवरून ओघळते आणि कुठली गळते ते कळतच नाही. चिकण मातीचा दोन बोटे उंच बांध पायरीच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना घाला, आत पाणी भरा आणि दोन-तीन तास तसेच राहू द्या. खाली ओल दिसली तर पायरीवर खडूने खूण करा. नाही दिसली तर बांध मोडून वरच्या पायरीवर जा. अशा आठ पायऱ्यांना दोन दिवस लागतात. घाई करू नका, पुढचे सगळे पैसे आणि श्रम याच दोन दिवसांवर ठरतात. चौथऱ्यावर मात्र बोटभर पाणी 24 तास ठेवावे लागते, कारण तिथला थर जाड असतो आणि पाण्याला खाली यायला वेळ लागतो.

दोन पायऱ्यांबद्दल शंका असेल तर एकीच्या पाण्यात कपड्याची नीळ टाका. खाली निळा थेंब आला की प्रश्न मिटला. शहाबादी लादीवर नीळ थोडे दिवस डाग ठेवते, पण जातो.

नंतर हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक लादीवर ठोकून ऐका. घट्ट बसलेली लादी खणखणीत वाजते. खाली पोकळी असेल तर बद्द आवाज येतो. बद्द वाजणारी लादी वरून धड दिसली तरी काढायची. तिच्याखाली पावसाळाभर पाणी भरून राहते.

भिंतीच्या फटीची परीक्षा वेगळी. चौथरा कोरडा ठेवून फक्त फटीत लोट्याने हळूहळू पाणी सोडा. आमच्याकडे चौथ्या लोट्याला खाली धार लागली.

मुहूर्त आणि सामान

25 मेच्या सुमारास रोहिणी लागते, 7-8 जूनला मृग. त्याआधी सगळे काम होऊन सिमेंटला ताकद यायला हवी. सिमेंट ठरलेली ताकद 28 दिवसांत धरते, म्हणून मागे मोजत गेलात तर एप्रिलच्या मध्यापर्यंत काम सुरू झालेले बरे. जानेवारी-फेब्रुवारी त्याहून चांगले, कारण ऊन कमी असते. उन्हाळ्यात करायचे झाले तर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर माल लावा. तापलेला दगड मालातले पाणी शोषून घेतो आणि माल भुसभुशीत राहतो.

भर पावसात गळती लागली तर मोठे काम काढू नका. वर ताडपत्री किंवा पत्रा टाका. धार थांबवायलाच हवी असेल तर बाजारात लीक प्लग मिळतो. हे सिमेंट तीन ते पाच मिनिटांत आवळते. मुठीत त्याचा गोळा करायचा, गरम लागू लागला की भोकात दाबायचा आणि घट्ट होईपर्यंत धरून ठेवायचा. पण तो फक्त त्या पावसाळ्यापुरता उपाय धरा.

आठ पायऱ्या चार फूट रुंद आणि एक चौथरा, म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या आसपास जागा. त्यावर इंचभर थर द्यायचा तर 50 किलोची एक गोणी सिमेंट आणि साधारण चार घनफूट वाळू लागते. भोकांसाठी आणि वाट्यांसाठी, म्हणजे आतल्या कोपऱ्यांत द्यायच्या मालाच्या तिरक्या पट्ट्यांसाठी, आणखी अर्धी गोणी धरा. गोणीवरची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी नको, आणि चिमटीत खडे लागत असतील तर ती गोणी परत करा. वाळू ओढ्यातून आणली तर एका बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवून बघा. वर मातीचा जाड थर बसला तर वाळू धुऊन घ्या. समुद्रकाठची वाळू कितीही सोयीची असली तरी नको. तिच्यातल्या मिठाने सळ्या गंजतात.

याशिवाय हवे ते असे: मालात घालायचे वॉटरप्रूफिंग द्रावण, बहुतेक डब्यांवर गोणीला 200 मिली असे प्रमाण असते, जुन्याला नवे चिकटवायला लेटेक्स, ज्याला दुकानात एसबीआर म्हणतात, चौथऱ्यासाठी पावडर आणि द्रव अशा दोन भागांचे कोटिंग, भिंतीच्या फटीसाठी पॉलियुरेथेन सीलंट आणि फोमची गोल दोरी. हत्यारांत छन्नी, हातोडी, तारेचा ब्रश, थापी, माल सपाट करायचा रंधा, पाणसळ, घमेले. हातमोजे आणि चष्मा नक्की घ्या. सिमेंटने हाताला जखमा होतात आणि छन्नीची कपची डोळ्यात गेली तर आयुष्यभराचे दुखणे.

तोडताना हात आखडू नका

माझी पहिली दुरुस्ती फसली ती इथे. भोकाच्या आतल्या भुसभुशीत कडेवर मी नवे सिमेंट बसवले होते. ते चिकटले खरे, पण ज्याला चिकटले तेच सुटत होते.

भोक दिसते त्यापेक्षा मोठे करावे लागते. टणक भाग लागेपर्यंत छन्नीने तोडा. खोली निदान पाऊण ते एक इंच हवी. कडा तिरप्या, निमुळत्या ठेवू नका, सरळ उभ्या तोडा. जमले तर तोंडापेक्षा आत थोडे रुंद ठेवा, म्हणजे भरलेला माल आत अडकून बसतो. भेग असेल तर तिच्या पूर्ण लांबीवर अशीच खाच घ्यायची. जिथे वरून नवा थर द्यायचा आहे तो गुळगुळीत भाग छन्नीने टोचून खडबडीत करा. गवंडी याला टाचे मारणे म्हणतात. मग तारेच्या ब्रशने घासून, झाडून, धुऊन काढा. शेवाळ राहिले तर वर लावलेले काहीही टिकणार नाही.

बिळात किंवा खोल भोकात हात घालू नका. आमच्या भागात फुरसे आणि विंचू दोन्ही आहेत. आधी काठीने चाचपा, बॅटरी मारून पाहा.

तोडताना सळी उघडी पडली आणि ती गंजलेली असेल तर नुसती वरून घासून भागत नाही. सळीच्या मागेही बोट जाईल इतके काँक्रीट काढा, सगळीकडून चकचकीत होईपर्यंत घासा आणि गंजरोधक प्रायमर लावा. सळी जागोजागी खाल्ली जाऊन बारीक झाली असेल, किंवा स्लॅब खालून वाकलेला दिसत असेल, तर तिथेच थांबा आणि स्थापत्य अभियंत्याला दाखवा. ती जागा बुजवून गळती थांबेल, पण पायरी माणसांचे वजन पेलेल की नाही हे तुम्हाआम्हाला डोळ्यांनी ठरवता येत नाही.

पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, खरवडून काढा. दुकानदार ॲसिड देईल, पण ते शहाबादी, कोटा किंवा कडाप्पा यांवर ओतू नका. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, ॲसिडने फेसाळतात आणि झिजतात.

आणि एक गोष्ट जुन्या घरांबद्दल. पायऱ्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि चुन्यात बांधलेल्या असतील तर त्यांच्या दरजा सिमेंटने भरू नका. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटच्या टणक दरजांमुळे पाणी बाहेर पडायचा रस्ता बंद होतो आणि चिऱ्याच्याच कडा ढासळू लागतात. तिथे चुना आणि वाळूचाच माल घ्या. चुन्याचे काम जाणणारी माणसे अजून कोकणात आणि गोव्यात मिळतात, त्यांना शोधून आणणे परवडते.

भोके भरणे

आदल्या रात्री जागा भरपूर भिजवा. सकाळी पाणी साचलेले असेल तर फडक्याने टिपून घ्या. दगड ओला हवा, पण पाण्याने चकाकता नको. कोरडा दगड मालातले पाणी ओढतो आणि साचलेले पाणी माल चिकटू देत नाही.

लेटेक्स आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात बासुंदीइतके दाट होईपर्यंत सिमेंट घाला. डब्यावर वेगळे प्रमाण असेल तर ते धरा. ही स्लरी ब्रशने भोकाच्या तळाला आणि कडांना घासून लावायची. ती चिकट आहे तोवरच माल भरायचा. सुकून गेली तर खरवडून पुन्हा लावा. सुकलेल्या स्लरीवर माल अजिबात धरत नाही. म्हणून एका वेळी दोन-तीन भोकांपुरतीच लावा.

माल एकास तीन, म्हणजे एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू. आधी कोरडा कालवून एक रंग करा. वॉटरप्रूफिंग द्रावण पाण्यात मिसळून ते पाणी थोडे थोडे घाला. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी निथळता कामा नये. पाणी जास्त घातले की लावायला सोपे जाते, आणि तेच जास्तीचे पाणी उडून गेल्यावर मालात बारीक छिद्रे राहतात. तीच पुढे गळतात. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवा. घट्ट झाला म्हणून वरून पाणी घालून मऊ करू नका, फेकून द्या.

भरताना माल तळाशी ठोसून बसवा, लाकडाच्या तुकड्याने दाबा, हवा राहू देऊ नका. दीड इंचापेक्षा खोल खड्ड्यात मालात बारीक खडी घाला, किंवा दोन थरांत भरा आणि पहिला थर खडबडीत ठेवून दुसऱ्या दिवशी दुसरा द्या.

घुशीच्या बिळाला नुसता माल पुरत नाही, ती शेजारून पुन्हा पोखरते. बीळ जाईल तिथवर खणा, घूस आत नाही याची खात्री करा आणि एक-दोन-चार प्रमाणाच्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये फुटक्या काचा मिसळून ठासून भरा. ही आमच्याकडची जुनीच रीत. पायऱ्यांखालची माती वाहून गेली असेल तर आधी दगड आणि मुरूम धुमसून भरावा लागतो. वरून बुजवलेली पायरी खाली पोकळ राहिली तर एखाद्या वर्षी मधोमध तडकते.

भिंतीच्या फटीत सिमेंट नको

ही फट हलती असते. उन्हात आणि थंडीत, भराव ओला आणि कोरडा होताना ती उघडमीट करते. तिथे सिमेंट भरले तर पहिल्याच वर्षी बाजूला नवी भेग पडते. इथे रबरासारखा ताणणारा सीलंट लागतो.

फट सारखी, अर्धा इंच रुंद करून घ्या. आतली धूळ पूर्ण काढा. ही जागा मात्र ठणठणीत कोरडी हवी. फटीपेक्षा थोडी जाड फोमची दोरी आत दाबून बसवा, अशी की वर पाव इंच जागा राहील. दोरीमुळे सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन बाजूंना धरतो आणि त्यामुळे ताणू शकतो. तिन्ही बाजूंना चिकटलेला सीलंट मधोमध फाटतो. दोन्ही कडांना चिकटपट्टी लावा, सीलंटच्या बंदुकीने न थांबता सीलंट भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याच्या पाठीने दाबून किंचित खोलगट करा आणि लगेच पट्टी ओढा. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आवळते, दिवसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर. म्हणजे पाव इंचाला तीन-चार दिवस द्या आणि तोवर त्यावर पाणी येऊ देऊ नका. हेच काम रेलिंगच्या पायांभोवतीही करायचे. पाईप घासून गंजरोधक लावा, भोवती माल भरा आणि पाईपलगत बोटभर खाच ठेवून तिच्यात सीलंट भरा. पाईप वरून उघडा असेल तर तोंडावर टोपी बसवा. पाईपच्या आतून उतरणारे पाणी बाहेरून कोणालाच दिसत नाही.

उतार, वाटे आणि चौथऱ्याचे कोटिंग

भोके बुजली तरी पाणी साचत राहिले तर नवी भोके होणारच. प्रत्येक पायरीला पुढच्या कडेकडे उतार हवा. एक फूट खोल पायरीला तीन ते पाच मिलिमीटर पुरतात. पाणसळीच्या पुढच्या टोकाखाली तेवढ्या जाडीची पट्टी ठेवली आणि बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. चौथऱ्याला मीटरला एक ते सव्वा सेंटीमीटर, दारापासून दूर. यापेक्षा जास्त उतार दिला तर ओल्या पायाने घसरायला होते.

थर देताना एक काळजी घ्या. एकाच पायरीवर इंचभर थर चढवला तर ती पायरी उंच आणि तिच्या वरची बुटकी होते. आपले पाय पायऱ्यांची उंची पहिल्या दोन पावलांत शिकतात आणि तीच धरून चालतात. एक पायरी वेगळी असली की माणूस अडखळतो, म्हातारे माणूस पडते. थर द्यायचा तर सगळ्या पायऱ्यांवर सारखा द्या, खालच्या पायरीपुढचे अंगण तेवढे उचला आणि चौथरा उंबऱ्यापेक्षा निदान इंच-दीड इंच खालीच राहील हे आधी मोजून घ्या. आमच्याकडे उंबऱ्याला जागा नव्हती, म्हणून आम्ही चौथऱ्याच्या लाद्या आणि त्यांच्याखालचा जुना माल काढूनच पुढे गेलो.

आतल्या प्रत्येक कोपऱ्यात, ट्रेड आणि रायझर मिळतात तिथे आणि चौथरा भिंतीला मिळतो तिथे, वाटा करा. मालाचा तिरका गोलसर पट्टा, पायऱ्यांवर अर्धा इंच, चौथऱ्यावर दोन इंच. बाटलीचे बूड फिरवून छान आकार येतो. भिंतीलगत सीलंटची फट असेल तर वाटा तिच्यावरून नेऊ नका, तिच्या अलीकडे थांबवा.

पोकळी चौथऱ्याखाली होती म्हणून कोटिंग आम्ही तिथेच केले. पावडर आणि द्रव सांगितलेल्या प्रमाणात मिसळून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. पहिला हात एका दिशेने, तो सुकल्यावर दुसरा आडवा, भिंतीवर सहा इंच चढवून. फटीवर कोटिंगच्या दोन हातांमध्ये फायबरच्या जाळीची पट्टी सैल बसवा. दुसरा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली जाड वाळू भुरभुरवा, म्हणजे वरच्या मालाला पकड मिळते. दोन-तीन दिवस सुकू द्या आणि पुन्हा 24 तास पाणी भरून ठेवा. लाद्या बसवण्याच्या आधीची ही परीक्षा टाळू नका. या टप्प्याला चूक सापडली तर ब्रशने सुधारते, नंतर सगळे उखडावे लागते. हे कोटिंग उघडे ठेवून त्यावर चालायचे नसते, वर लादी किंवा मालाचा थर द्यावाच लागतो.

लादी बसवताना चार कोपऱ्यांना मालाचे चार गोळे ठेवून वर लादी दाबायची सवय अनेकांना असते. मधली पोकळी मग पाण्याची टाकी होते. पूर्ण तळाला माल पसरूनच लादी बसवून घ्या, गवंड्याला आधीच सांगा आणि एखादी लादी उचलून बघा. दोन लाद्यांत तीन मिलिमीटरची दरज सोडा आणि ती पूर्ण खोलीपर्यंत भरा. लादी खरबरीत घ्या. चकचकीत टाइल पावसात पाहुण्यांना पाडते.

पायरीची कड रायझरच्या पुढे आलेली असेल तर तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून बोटभर आत, एक उथळ खाच ओढा. कडेवरून वळून मागे येणारे पाणी त्या खाचेशी तुटते आणि खाली पडते. दगडाला ही खाच कटरने आधीच पाडून मिळते.

पाणी मारणे

माल लावल्यावर दहा-बारा तासांनी ओले गोणपाट टाका आणि सात दिवस ते सुकू देऊ नका. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले सिमेंट असेल, आणि आजकाल दुकानात बहुधा तेच मिळते, तर दहा दिवस. एप्रिलच्या उन्हात दिवसातून चार-पाच वेळा पाणी मारावे लागते. घरात कोणी नसेल तर शेजारच्याला पैसे देऊन हे काम लावा. शनिवार-रविवार गावी येऊन माल लावायचा आणि सोमवारी मुंबईला परत जायचे, असे केले तर माल तडकणारच. सीलंटच्या जागा गोणपाटाखाली झाकू नका, त्यांचे काम पाणी मारणे संपल्यावर आणि सगळे सुकल्यावर हातात घ्या. कोटिंगला पाणी मारायचे की नाही ते डब्यावर लिहिलेले असते.

पहिले तीन दिवस पायऱ्यांवर कोणी चढू नये. आम्ही मागच्या दाराने ये-जा केली आणि पुढे आडवी काठी बांधली, तरी कुत्र्याची पावले दुसऱ्या पायरीवर उमटलीच. तेवढा भाग ओला असतानाच रंध्याने पुन्हा साफ केला.

सगळे वाळल्यावर पहिल्यासारखी मातीचे बांध घालून परीक्षा घ्या, पुन्हा खालून वर. खडूच्या जुन्या खुणा एका कागदावर उतरवून ठेवल्या असतील तर कुठे लक्ष द्यायचे ते लगेच कळते. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन दहा मिनिटे पायऱ्यांसमोर उभे राहा आणि पाणी कुठल्या बाजूने उतरते, कुठे थांबते ते पाहा. एखाद्या पायरीवर डबके दिसले तर तिथे खूण करा, ऑक्टोबरमध्ये तेवढाच भाग टोचून उतार दुरुस्त करता येतो.

त्यानंतर दर मे महिन्यात अर्धा तास काढा. सीलंटवरून नख फिरवा, कुठे भिंतीपासून सुटला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा भरा. दरजा पाहा, लाद्या ठोकून ऐका, पन्हळीतला पाला काढा. खालची पोकळी मोकळी करून बॅटरीने स्लॅबचे तळ बघा. आमच्याकडे यंदा पंपाच्या वर वीतभर जागेत पांढरट रेष दिसली. पावसाळ्यात ती ओली होते का हे बघायला मी तिच्याभोवती पेन्सिलने गोल काढून बाजूला तारीख लिहून ठेवली आहे.